ऑनलाइन मार्केटप्लेसवर आर्टिकल सबमिट करताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अपवर्क, फायव्हर किंवा आपल्याकडच्या कंटेंट एजन्सींच्या पोर्टलवर नव्याने लिहायला लागलेले लोक जे जे विचारतात त्यातलं बरंचसं इथे एकत्र केलंय. पहिला प्रश्न बहुतेक वेळा "रेट किती मिळतो" हाच असतो, पण पैसे अडकतात ते जास्त करून काय ठरलं होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं म्हणून. त्यामुळे रेटचं शेवटी बघू.

सगळ्या साइट सारख्याच असतात का?

अजिबात नाही, आणि इथेच गोंधळ होतो. अपवर्कवर क्लायंट काम टाकतो आणि तुम्ही प्रपोजल पाठवता, त्यासाठी कनेक्ट्स (साइटची टोकनं) खर्च होतात, म्हणजे काम मिळो ना मिळो अर्ज करायलाच पैसे. फायव्हरवर उलटं, तुम्ही दुकान मांडून बसता, "५०० शब्दांचा मराठी ब्लॉग, अमुक डॉलर", आणि गिऱ्हाईक येतं. टेक्स्टब्रोकर ही मूळची जर्मन साइट, तिथे लेखकाला स्टार असतात आणि तुमच्या स्टारप्रमाणे ऑर्डरी दिसतात, पण तिच्या अमेरिकन साइटवर लिहायला अमेरिकेतलं रहिवासी असावं लागतं, त्यामुळे इथे बसून त्याचे यूट्यूब व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. कॉन्स्टंट कंटेंटवर लेख आधी लिहून ठेवायचा आणि मग विकायचा, तोही तीन प्रकारे: नुसता वापरायचा हक्क, एकालाच वापरायचा हक्क, किंवा सगळे हक्क.

मराठीत काम शोधणाऱ्यांना खरं काम मिळतं ते पहिल्या दोन ठिकाणी आणि भारतीय एजन्सींकडे. पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

ब्रीफ आलं, लगेच लिहायला बसू का?

थांबा. ब्रीफ, म्हणजे काय लिहायचं याची सूचना, म्हणून जे येतं ते बऱ्याचदा एवढंच असतं: "नीड मराठी आर्टिकल ऑन होम लोन, ८०० वर्ड्स, अर्जंट." यावर लिहायला बसलात की नंतरचा प्रत्येक वाद तुमच्या अंगावर येणार. आधी मेसेजमध्ये विचारून घ्या की वाचक कोण, शहरातला नोकरीवाला की तालुक्याच्या गावातला पहिल्यांदा घर बांधणारा, भाषा पुस्तकी हवी की बोलल्यासारखी, "कर्ज" लिहायचं की "लोन", कीवर्ड (लोक गुगलवर शोधतात ते शब्द) दिलेत ते जसेच्या तसे टाकायचे की प्रत्यय लावून चालतील. हा शेवटचा प्रश्न मराठीत फार महत्त्वाचा आहे कारण कीवर्ड "होम लोन व्याजदर" असतो आणि वाक्यात तो "होम लोनच्या व्याजदराने" असाच येतो, मग क्लायंटचा कीवर्ड तपासणारा टूल म्हणतो कीवर्ड सापडला नाही. मेटा डिस्क्रिप्शन (गुगलच्या निकालात शीर्षकाखाली दिसणारी ओळ), स्लग (लिंकच्या शेवटी येणारं लेखाचं नाव), फोटो, आतल्या लिंका हे कोण देणार तेही विचारा.

उत्तरं आली की ती चार ओळींत तुम्हीच लिहून परत पाठवा, "म्हणजे असं असं ठरलं, बरोबर ना?" आणि त्यावर क्लायंटचं "येस" येऊ द्या. नंतर वाद झाला तर साइटचा सपोर्टवाला हाच मेसेज बघतो. फोनवर ठरलेलं त्याला दिसत नाही.

शब्द कसे मोजायचे? क्लायंट म्हणतो कमी भरले.

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. हिंदीत "घर के बारे में" हे चार शब्द झाले, आपल्याकडे "घराबद्दल" हा एकच. त्यामुळे १००० शब्दांचा इंग्रजी लेख मराठीत आणला की आकडा सरळ खाली येतो आणि पर वर्ड पैसे असतील तर मजुरीही खाली येते, काम मात्र तेवढंच किंवा जास्त. अनुवादाचं काम असेल तर मूळ मजकुराच्या शब्दांवर रेट लावा, हे आधीच सांगा. स्वतंत्र लेख असेल तर पर आर्टिकल घ्या, किंवा शब्दमर्यादा "७०० ते ८५०" अशी सैल ठेवायला लावा. नाहीतर आकडा भरायला "या ठिकाणी", "अशा प्रकारे", "च्या माध्यमातून" असला भुसा भरावा लागतो आणि मग एडिटरच म्हणतो लेख लांबलाय.

मेटा डिस्क्रिप्शनचं पण तसंच. १६० कॅरेक्टर म्हणतात, पण संगणकाच्या हिशोबात "कि" ही दोन कॅरेक्टर होतात, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. डोळ्यांनी मोजू नका, क्लायंटच्याच टूलमध्ये टाकून बघा. आणि स्लग देवनागरीत देऊच नका, लिंक कॉपी केली की एकेका अक्षराचा नऊ-नऊ चिन्हांचा टक्के-टक्केवाला शेपूट तयार होतो. स्लग इंग्रजी अक्षरांत, छोटा.

फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायची?

वर्डची फाइल किंवा गुगल डॉक, क्लायंट सांगेल तसं, पण काहीही झालं तरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा टायपिंगमध्ये. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची सवय असलेले लोक (प्रेसमधून आलेले बरेच जण) फाइल पाठवतात आणि समोर नुसतं कचकच दिसतं, कारण समोरच्याकडे तो फॉन्ट नसतो. कन्व्हर्टर वापरलात तर नंतर एकदा पूर्ण वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. "दुसऱ्या", "सुऱ्या" मधला र आणि "सूर्य" मधला र वेगळा आहे, हिंदी कीबोर्डवरून टाइप करणाऱ्यांचं इथेच चुकतं. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, तो फॉन्टचा प्रकार आहे, तुमच्या टायपिंगचा नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श सांगितलेत, एखाद्या सरकारी कामाच्या क्लायंटने त्यावरून अडवलं तर मराठी फॉन्ट लावून फाइल द्या.

गुगल डॉक देताना कमेंटचा ॲक्सेस द्या, एडिटचा नको. एडिट दिला की तीन माणसं येऊन वाक्यं बदलतात आणि चौथा विचारतो हे असं का लिहिलंय. साइटवर डिलिव्हरी करताना नुसती लिंक न टाकता फाइलही जोडा, कारण लिंकमधला मजकूर नंतर बदलता येतो, जोडलेली फाइल पुरावा म्हणून राहते.

मेसेजमध्ये लेख पाठवला तर चालतो ना? सबमिट बटण दाबलंच पाहिजे का?

दाबलंच पाहिजे, कारण पैशाचं घड्याळ त्या बटणानेच सुरू होतं. अपवर्कवर फिक्स्ड प्राइस कामात क्लायंटने माइलस्टोनचे (कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे) पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे साइटकडे राखून, ठेवायचे असतात, ते ठेवलेत का हे बघूनच लिहायला सुरुवात करा, "फंडेड" दिसलं पाहिजे. तुम्ही काम सबमिट करून पैसे मागितले की क्लायंटला १४ दिवस मिळतात, तो काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप सुटतात, आणि मग आणखी ५ दिवस होल्डवर राहून तुमच्या हातात येतात. चॅटमध्ये फाइल टाकली आणि बटण विसरलात तर हे १४ दिवस सुरूच होत नाहीत. क्लायंट बिचारा सज्जन असतो, त्याला फक्त आठवण नसते, आणि तुम्ही महिनाभर "सर पेमेंट" करत बसता.

फायव्हरवर डिलिव्हर केल्यावर क्लायंटने ३ दिवस काही केलं नाही तर ऑर्डर पूर्ण धरली जाते, त्यानंतर पैसे मोकळे व्हायला साधारण १४ दिवस, टॉप रेटेड सेलरला ७. तिथे एक शॉर्टकट लोक शिकवतात की डेडलाइन चुकत असेल तर कोरी फाइल डिलिव्हर करून घड्याळ थांबवा. हे नियमाच्या विरुद्ध आहे, अकाउंटला वॉर्निंग येते. त्यापेक्षा मुदत वाढवून मागा, रीतसर सोय आहे त्याची.

भारतीय एजन्सींच्या पोर्टलवर एस्क्रो बहुधा नसतो. तिथे "अप्रूव्ह झाल्यावर ३० दिवसांनी" किंवा ४५ दिवसांनी असं काहीतरी असतं, आणि अप्रूव्ह कधी व्हायचं याला मर्यादाच नसते. हे आधी विचारा: किती दिवसांत उत्तर आलं नाही तर लेख मंजूर धरायचा? उत्तर देत नसतील तर पहिल्यांदा एकच लेख द्या, पाचांचा गठ्ठा नको.

डेडलाइन कुणाच्या घड्याळाने धरायची?

क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्यांची घड्याळं तेव्हा बदलतात. "फ्रायडे ईओडी" (शुक्रवारी दिवसअखेर) म्हटलं तर आपल्याकडे शनिवार सकाळ उजाडते, पण अंदाजावर राहू नका, "शुक्रवारी भारतीय वेळेनुसार रात्री ९ पर्यंत देतो" असं तुम्हीच लिहा. आणि गणपतीत, दिवाळीत सुट्टी घेणार असाल तर आठवडाभर आधी सांगा, समोरच्याला कल्पना नसते.

फुकट किती वेळा बदल करून द्यायचे?

दोन. ठरवून, लिहून, दोन. पण इथे फरक करा: ब्रीफमध्ये होतं आणि तुम्ही केलं नाही तर ती तुमची चूक, ते कितीही वेळा नीट करून द्या. ब्रीफमध्येच नव्हतं, आता आठवलं, की ते नवीन काम. "जरा एक सेक्शन ॲड करा ना, ईएमआय कॅल्क्युलेशनचं" ही रिव्हिजन नाही, ते २०० शब्द आणि तासभराचा रिसर्च आहे. सरळ लिहा की करून देतो, त्याचे इतके होतील, नवीन माइलस्टोन टाका. भांडायचं काही कारण नाही, बऱ्याच वेळा ते टाकतातही. आपल्या लोकांना पैशाचं बोलायला संकोच वाटतो आणि मग लेख तिसऱ्यांदा फिरून आला की चिडचिड होते आणि ती चिडचिड मेसेजमध्ये उतरते, आणि साइटवर मेसेज कायमचे राहतात.

क्लायंटच्या एडिटरला मराठीच येत नाही आणि तो चुका काढतोय, काय करू?

हे फार होतं. बेंगळुरू नाहीतर गुरुग्राममधला कुणीतरी मॅनेजर तुमचा लेख गुगल ट्रान्सलेटमध्ये टाकून इंग्रजीत वाचतो आणि त्या इंग्रजीवर कमेंट करतो. "डोक्यावरून पाणी गेलं" असं लिहिलं तर विचारतो इथे पूर कुठून आला. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याचंही डेडलाइन आहे. करायचं एवढंच की सबमिट करताना सोबत पाच-सहा ओळींची इंग्रजी नोट द्यायची: हा वाक्प्रचार मुद्दाम वापरलाय, अर्थ अमुक, या शब्दाला दोन रूपं चालतात, मी हे घेतलंय. वाद शुद्धलेखनावर आला तर मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आहेत, शासनाने मान्य केलेले, त्यातला नियम दाखवा. अनुस्वारावरच्या वादात मात्र क्लायंटच्या स्टाइल गाइडमध्ये "केलं, झालं" असेल तर तेच, "केले, झाले" असेल तर ते, फक्त एका लेखात दोन्ही नको.

चॅटजीपीटीवर लिहून सबमिट केलं तर पकडतात का?

पकडायचा टूल फारसा भरवशाचा नाही. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, अचूकता कमी म्हणून. त्यामुळे कुणी नुसता टक्क्यांचा स्क्रीनशॉट पाठवून पैसे रोखत असेल तर गुगल डॉकची व्हर्जन हिस्टरी दाखवा, कच्चा मसुदा, खोडाखोडी, वेळा सगळं तिथे दिसतं. म्हणूनच लेख सुरुवातीपासून डॉकमध्येच लिहा, बाहेर लिहून पेस्ट करू नका.

पण खरं सांगायचं तर मराठी एडिटरला टूल लागतच नाही. "आजच्या धावपळीच्या युगात" अशी सुरुवात, प्रत्येक परिच्छेदात "महत्त्वपूर्ण भूमिका बजावते", शेवटी "थोडक्यात सांगायचे तर", आणि मधे हिंदीतून आलेलं "सुनिश्चित करा". दोन ओळीत कळतं. क्लायंटने एआय चालेल म्हटलं असेल तर वापरा, गुगलनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटलंय की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो उपयोगी आहे का हे बघतो, पण मार्च २०२४ पासून ढिगाने काढलेल्या निरुपयोगी पानांवर त्यांचा वेगळा नियम आहे. चालणार नाही म्हटलं असेल तर वापरू नका, त्यात पळवाट शोधायची नाही. आकडे आणि योजनांच्या अटी मात्र काहीही झालं तरी मूळ सरकारी साइटवर जाऊन तपासा, तिथे एआय बिनधास्त ठोकून देतो.

आधी फुकट सॅम्पल मागतायत, देऊ?

जुना छापलेला लेख दाखवा. नवीन हवा असेल तर छोटा आणि पैसे घेऊन. अपवर्कवर तर क्लायंटने फुकट काम मागणंच नियमात बसत नाही, रिपोर्ट करता येतं. दहा जणांकडून दहा "टेस्ट आर्टिकल" घेतली, विषय सगळे वेगळे, आणि कुणालाच काम दिलं नाही, असे प्रकार होतात, त्याला टेस्ट म्हणत नाहीत.

रजिस्ट्रेशन फी भरा म्हणतात, ॲग्रीमेंट पण पाठवलंय.

पळा. लिहायचं काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. यातला एक प्रकार आपल्याकडे फार चालतो: टायपिंगचं किंवा आर्टिकल लिहायचं काम, पाच-सहा दिवसांत अमुक पानं, अचूकता ९० टक्क्यांच्या वर, आधी एका ॲग्रीमेंटवर ई-सही. काम जमा केलं की सांगतात अचूकता कमी भरली, आता दंड भरा, आणि मागून कुणा "वकिलाची" नोटीस व्हॉट्सॲपवर, कोर्टात केस टाकतोय म्हणून. घाबरून लोक पाच-सात हजार भरतात, विशेषतः घरी न सांगता काम घेतलेल्या कॉलेजच्या पोरी आणि गृहिणी. भरू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. खरी नोटीस खऱ्या वकिलाच्या नावा-पत्त्यानिशी येते आणि त्यात गुगल पेचा क्यूआर नसतो.

क्लायंट म्हणतो व्हॉट्सॲपवर या, कमिशन वाचेल.

वाचेल, खरंय. फायव्हर २० टक्के घेतं, म्हणजे ५ डॉलरच्या ऑर्डरमधले ४ तुमचे. अपवर्क २०२३ पासून सरसकट १० टक्के घेत होतं, मे २०२५ पासून नवीन कामांवर ० ते १५ च्या मधे कामाप्रमाणे बदलतं. पण अपवर्कचा नियम असा आहे की तिथे ओळख झालेल्या क्लायंटशी दोन वर्षं व्यवहार तिथूनच करायचा, बाहेर गेलात आणि कळलं तर अकाउंट जातं, सगळ्या रिव्ह्यूंसकट. आणि बाहेर गेल्यावर एस्क्रोही गेला, वाद सोडवणाराही गेला. नव्या क्लायंटने पहिल्याच मेसेजमध्ये बाहेर बोलावलं तर मला तर गडबडीचा वासच येतो.

लेखावर नाव माझं येणार का? पोर्टफोलिओत दाखवू शकतो?

बहुतेक काम घोस्ट असतं, म्हणजे लिहायचं तुम्ही आणि नाव तुमचं नाही. अपवर्क आणि फायव्हर दोन्हीकडे वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातात. म्हणजे पैसे मिळेपर्यंत लेख तुमचा आहे, हे लक्षात ठेवा, कुणी पैसे न देता छापला तर त्यांच्या होस्टिंग कंपनीला आणि गुगलला कॉपीराइटची तक्रार करता येते. साइटबाहेर भारतीय क्लायंटशी थेट काम करत असाल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो, त्यात कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. त्यामुळे त्यांचं ॲग्रीमेंट आलं की "परपेच्युअल" (कायमचे), "वर्ल्डवाइड" (जगभरासाठी) हे शब्द शोधा आणि त्याप्रमाणे रेट सांगा. पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी सुरुवातीलाच मागा, तेव्हा सगळे हो म्हणतात.

पैसे बँकेत कसे येतात, टॅक्सचं काय?

परदेशी पैसे पेपाल, पेओनिअर किंवा साइटवरून थेट बँकेत. पेपालची भारतातल्या भारतात देवाणघेवाण १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, पुण्याचा क्लायंट पेपाल म्हणाला तर यूपीआय घ्या. डॉलरचा भाव हे मधले लोक बाजारापेक्षा कमी देतात, फीपेक्षा तिथेच जास्त कापलं जातं, म्हणून दर वेळी २०-३० डॉलर काढत बसू नका. परदेशी पैसे आल्याचा दाखला मिळतो तो जपून ठेवा. भारतीय कंपनी लेखनाच्या फीमधून टीडीएस कापते, बऱ्याचदा १० टक्के, तो इन्कम टॅक्स पोर्टलवर दिसतो का बघा, नसेल तर वर्ष संपायच्या आत त्यांच्या मागे लागा. जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या खाली असेल तर लागत नाही. अपवर्क त्यांच्या फीवर १८ टक्के जीएसटी लावतं, ते बघून घाबरू नका, तो फीवर आहे, तुमच्या पूर्ण कमाईवर नाही. पुढचं सीएला विचारा, एकदाची फी जाते पण डोकं शांत राहतं.

बरं, रेट?

एका लेखाला लागणारे खरे तास धरा, वाचन, फोन, रिव्हिजन सगळं, आणि तासाला किती पडलं ते बघा. पर वर्ड आकडा ऐकायला बरा वाटतो आणि तासाला हिशोब केला की घरकामाच्या मावशींपेक्षा कमी निघतो. दहा-वीस पैसे शब्दाला देणाऱ्यांना नाही म्हणा. विमा, म्युच्युअल फंड, आरोग्य, शेतीची औषधं, यात नीट लिहिणारे मराठीत कमी आहेत, तिथे भाव मिळतो.

साइटच बंद पडली तर?

पडते. याहूने २०१० मध्ये असोसिएटेड कंटेंट नावाची लेखांची मोठी साइट विकत घेतली, तिचं याहू व्हॉइसेस केलं आणि २०१४ मध्ये बंदच करून टाकली, लेखकांचे लेखही तिथून गेले. त्यामुळे दर महिन्याला छापलेल्या लेखाची पीडीएफ, क्लायंटचे रिव्ह्यू, आणि पैशांचं स्टेटमेंट उतरवून घ्या. स्टेटमेंट एप्रिल ते मार्च असं काढा, जानेवारी ते डिसेंबर काढलंत तर जुलैत रिटर्न भरताना परत बसावं लागतं.